दारावर काही लिहायचं नाही

एउदाल्द म्हणाला, पान नको.
पाच टोकांचं नको, सात टोकांचं नको,
हिरवा रंग तर नावालाही नको.
आणि दारावर काही लिहायचं नाही,
कायदा आहे तसा :
क्लब असावा, पण कुणाला बोलावू नये.

अठरा वर्षं मी गोष्टी नजरेत भरवत आले.
साबण, विमा,
एकदा तर एक अख्खा नगराध्यक्ष.
न दिसण्याचे पैसे
पहिल्यांदाच मिळणार होते.

पोब्ले-सेकच्या चढावरची गल्ली.
आधी तिथं बटणांचं दुकान होतं.
पाटी कधीच उतरवलेली, तरी भिंतीवर
उन्हानं न विटलेली तीन अक्षरं
आणि एका खिळ्याचं भोक.

मी ओढत नाही, मला दमा आहे.
खिडकीशी बसायचे, कोमट चहा,
गुडघ्यावर कोरी वही.
फेलिऊ यायचा, जहाजावरचा निवृत्त स्वयंपाकी,
डॉमिनो खेळायचा नाही, नुसत्या सोंगट्या उभ्या करायचा.
रात्रपाळीच्या दोन नर्स,
बूट काढून, एक शब्द न बोलता.
यांचं बोधचिन्ह काय काढायचं?
मी बेचाळीस काढली.
एउदाल्दनं बेचाळीसही फाडली, प्रेमानं.

आणि रेमेय.
पारालेलच्या नाटकवाल्यांचे कपडे शिवण्यात जन्म गेलेला,
बोटं आता आल्यासारखी, गाठीगाठींची.
दोन झुरके घ्यायची, मग हात उन्हात धरायची,
कुणाची तरी वाट पाहावी तशी.
एका गुरुवारी बोटं उघडली.
तिची नजर माझ्या कोटाकडे :
"लोंबतंय ते. आण इकडे."
सुई तिच्या पर्समध्ये होती. इतकी वर्षं होती.
चार भोकं, उलटसुलट टाके,
शेवटी दोरा दातानं तोडला
आणि मान वर न करता म्हणाली,
"याच दुकानातलं असणार."

मागच्या खोलीत खण होते, एकशे बारा.
शिंपल्यांची बटणं, शिंगाची, लाकडाची,
लष्करी पितळेची, एक डबा नुसता गुलाबी.

तेच दिलं मी त्यांना.
प्रत्येक सभासदाला एक, कुणासारखं कुणाचं नाही.
दार ठोठवा, तळहात उघडा.
झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणतात ना,
इथं मुठीत अडीच सेंटचं बटण.
काजात गेलं की त्याच्याकडे कुणी बघत नाही
आणि कोट मात्र बंद राहतो.

बिलात 'बोधचिन्ह' या ओळीपुढे
मी रेघ मारली.
एउदाल्दनं पैसे पूर्ण दिले, दोन हप्त्यांत, दुसरा उशिरा.

मार्चमध्ये नगरपालिकेचा माणूस आला.
जाहिरात शोधत भिंती पाहिल्या, पेले उलटे करून पाहिले,
काचेवर नाकही लावलं.
मग ते खण.
एक उघडला, दुसरा उघडला,
बराच वेळ काही बोलला नाही.
"बाहीची आहेत का? करडी?"

रेमेयनं चष्म्यावरून त्याच्या मनगटाकडे पाहिलं
आणि पर्स उघडली.