पाच कॉप्या काढते

तेजल भिला कोळी.
नाव विचारलं नाही, फॉर्मवर वाचलं.
गाव मारवड. दाखल्याला घड्या चार,
चौथीवर अक्षरं उसवलेली.
सेलोटेप लावू नकोस तिथे, पिवळी पडते.
खिडकीवर तीन कॉप्या सांगितल्या असतील.
मी पाच काढते. ते तीन म्हणतात तेव्हा चौथी लागते
आणि अमळनेरात नेमकी त्याच दिवशी
बारा ते चार लाइट नसते.

बस त्या स्टुलावर. मशीन तापलंय.
बाहेर चव्वेचाळीस आहे, त्याचं काय चुकलं.

मीही याच गेटातून बी.एस्सी. झाले, केमिस्ट्री.
पाच वर्षं झाली.
आता अख्ख्या कॉलेजचे कागद माझ्या हाताखालून जातात.
कोणाच्या नोट्स खरं तर कोणाच्या
हे प्राचार्यांपेक्षा मला जास्त माहीत.
तर ऐक.
नाही ऐकलंस तरी पानं निघेपर्यंत बसावंच लागेल.

तुझी गाडी पावणेपाचला सुटेल,
प्रॅक्टिकल पाचला संपेल.
या दोन आकड्यांची इतक्या वर्षांत
कोणी गाठ घालून दिली नाही.
तू घाल. पहिल्याच आठवड्यात मॅडमना सांग,
रडून नको, वेळापत्रक दाखवून.
मी तिसऱ्या वर्षी सांगितलं.
मॅडम म्हणाल्या, अगं, मग आधी का नाही बोललीस?
दोन वर्षं मी पर्मँगनेटचे डाग घेऊन
एसटीमागे पळत होते.

शबनम पिंजारी म्हणायची, पहिल्या बाकावर बसा.
प्रमोद बोरसे म्हणायचा, दाराजवळ.
शबनम अंकलेश्वरला आहे, कंपनीत, रात्रपाळी.
प्रमोदची पोल्ट्री आहे, मजेत आहे.
दोघं अजून आपलंच खरं म्हणतात.
मी मध्ये बसायचे.
मधल्यांना कोणी काही विचारत नाही.
तेव्हा ते सुख वाटायचं.

पहिल्या दिवशी सर विचारतील, कुठली गं तू?
माझ्या तोंडून गेलं, मी जानवानी शे.
मागे कोणीतरी फिसकन हसलं.
आठ महिने मी वर्गात तोंड उघडलं नाही.
मग सहलीत बस बंद पडली,
रात्रीचे दोन, ना दुकान ना दिवा,
आणि तो हसणारा बेटावदचा पोरगा
सगळ्यांत आधी ओरडला, आते काय करानं वं माय!
पाच मिनिटांत अख्ख्या बसची
पुस्तकी मराठी संपली.

इंग्रजी पुस्तकाची पहिली दहा पानं
शंभर पानांएवढी लागतात.
अकरावं पान एका पानाएवढंच असतं.
दहाव्यावर सोडू नकोस, एवढंच.

जर्नल मागतील. दे.
परत कधी आणणार ते त्याच्याच हाताने
त्याच्याच तळहातावर लिहून घे.

आणि विषय राहिला तर घरी त्याच संध्याकाळी सांग.
मी गणितात राहिले, बोलले नाही.
आप्पांनी गल्लीत जिलेबी वाटली.
शेजारची म्हणाली, एक तरी खा ना, तुझीच आहे.
खाल्ली.
अजून दुकानासमोर कढई तापली की
मी शटर अर्धं ओढते.

हा खण बघ.
सव्वीस मूळ कागद आहेत यात,
काचेवर विसरलेले. गुणपत्रिका, दाखले,
कोणाच्या तरी आईचं रेशनकार्ड.
पोरं गरम गरम कॉप्या घेऊन पळतात,
झाकण उचलून बघत नाहीत.
मी फोन करते. नंबर बदललेले असतात.
सगळ्यात खालचा माझा आहे,
एम.एस्सी.चा भरलेला अर्ज, फोटोसकट.
त्याचं विचारू नकोस, गिऱ्हाईक वाढलंय.

झाल्या बघ पाच.
तू ओढणी सावरतेस, रांगेकडे बघतेस
आणि एकदम खालच्या आवाजात म्हणतेस,
ताई, कितला झायात?

दहा दे.
थांब, पळू नकोस. झाकण उचल आधी.