खुली जवारी

अब्बा चार तारा छेडतात
आणि मला दिसतात फक्त त्यांची बोटं.
आवाज नाही.
म्हणजे येतो, पाव सेकंद,
षड्जाचं टोक हाती लागतंय न लागतंय
तोच कुणीतरी आतून दार लावून घेतं.

"आलं का ऐकू?" अब्बा विचारतात.
ते मात्र लख्ख येतं.
मागून स्कूटर जाते, ती गाळली जाते; बरं झालं.
पण तंबोराही गाळला जातो,
कारण त्या कंपनीच्या हिशेबात
जे बोलत नाही आणि थांबतही नाही
तो गोंगाट.

सेटिंगमध्ये शोधलं. जास्त, कमी, आपोआप.
'नको' कुठेच नव्हतं.
तक्रार लिहिली. उत्तर आलं: तुमचं मत आम्हाला मोलाचं आहे.
तेही कुणा माणसानं लिहिलेलं नव्हतं.

शेजारचा विल्फ गार्टन, वय एक्क्याऐंशी,
उमेदीची सगळी वर्षं हलच्या टेलिफोन एक्स्चेंजात.
चहाला आला की हटकून सांगतो:
देशभरचे फोन लंडनचे, हलचे फोन हलचे.
सगळीकडे डबे लाल, आमचे सायीच्या रंगाचे,
आणि त्यांच्यावर मुकुट नाही, नीट बघ.
मी बघितलं. कोपऱ्यावरच्या डब्यात आता
चिप्सचे तेलकट कागद आणि कोळ्याचं जाळं,
पण मुकुट खरंच नाही.

त्याच्या नातीनं, इमोजननं, ते दुसरं सॉफ्टवेअर आणलं.
फुकट म्हणून नव्हे, उघडं म्हणून.
दिसायला सरकारी अर्जासारखं.
जिन्याखालच्या कपाटात, बुटांच्या वरच्या फळीवर
बिजागरी मोडलेला जुना लॅपटॉप बसवला,
आणि मिरजेहून निघालेली हाक
आता कुणाच्या दारात हजेरी न लावता
थेट माझ्या बुटांशेजारी उतरते.

इमोजननं आतलं पान उघडलं, नुसतं कंसांचं रान.
"इथे," ती म्हणाली. एकच ओळ.
गोंगाट दाबायचा? हो.
तिनं 'हो' पुसलं, 'नाही' लिहिलं.
एवढंच?
मला अब्बांची कानस आठवली:
हाडाच्या घोडीवर दोन हात फिरवायचे, थांबायचं, ऐकायचं,
परत अर्धा हात.
बिघडलं तर उघडता आलं पाहिजे, ते म्हणायचे,
नाहीतर तो तंबोरा नव्हे, कुलूपबंद भोपळा.

गुरुवार, साडेचार. हंबरवर अंधार,
मिरजेत रात्रीचे दहा.
पहिल्यांदा लागलाच नाही.
दुसऱ्यांदा अब्बांचा चेहरा फरशीच्या तुकड्यांसारखा फुटला
आणि कारखान्यातला नजीर वैतागला, "जुनंच बरं होतं की."
तिसऱ्यांदा अब्बांनी काही विचारलं नाही.
तारेखालचा सुताचा जीव नखानं सरकवला,
केसभर,
आणि जवारी खुलली.

आला. पंचम, जोड, खर्ज,
आणि त्यांच्या डोक्यावर तो गंधार
जो एकाही तारेत लावलेला नसतो.
मागून स्कूटर गेली, तीही आली.
कुत्रं. नजीरची जांभई.

विल्फ सोफ्यावर होता. कानातलं यंत्र त्यानं वाढवलं,
म्हणाला, लाइनवर काहीतरी गुणगुणतंय,
आमच्या वेळी याला दोष म्हणायचो,
दुरुस्तीला माणूस पाठवायचो.
मग बराच वेळ गप्प बसला.

नात्यागोत्यातल्या एकतीस जणांपैकी इकडे आले तिघे.
ईदला सगळे त्या जुन्यावरच जमतात, मीही जाते.
तिथे आमच्या बोलण्याखाली काहीच वाजत नसतं.
विजेचं बिल थोडं वाढलंय, इक्बाल कुरकुरतो,
म्हणतो, कपाटात काय पाळलंयस?
काल बूट काढताना हात लागला.
झाकण कोमट होतं,
अब्बा मांडीवरून उतरवतात तेव्हा
भोपळा असतो तसं.