धुराचं कपाट

सॉफ्टवेअरवाल्यांना टेबल पुरतं, आणि कॉफी.
मला वारा लागतो.
सेकंदाला अर्धा मीटर,
काचेआड ओढून घेणारा, छपरावाटे बाहेर नेणारा.
केंब्रिजात तो मिळतो म्हणे भाड्याने,
पाच वर्षांच्या कराराने,
आणि त्याची रांग माझ्या व्हिसाहून लांब आहे.

विडनेसमधलं माझं स्वयंपाकघर
व्हिनेगरच्या पुढे जाऊ देत नाही.
घरमालकाने करारातल्या "ज्वलनशील"खाली
दोन रेघा मारल्यात.
मोहरी तडतडली तरी गजर वाजतो.

मी करते काय, तर उरलेला रंग गोळा करते.
कचराकेंद्रावरचे गंजके डबे:
कुणाच्या बाळाच्या खोलीचा फिका पिवळा,
कुठल्याशा पबच्या संडासाचा हिरवा.
प्रत्येकात तळाशी पांढरा असतो.
तो परत काढते.
म्हणजे काढला होता, विद्यापीठात,
माझं ओळखपत्र दार उघडायचं तेव्हा.
चार ग्रॅम. बाटली पर्समध्ये असते.

गुंतवणूकदार ती उजेडात धरतात.
किलोभर कधी?
जागा मिळाली की.
जागा कधी?
पैसे मिळाले की.
पैसे किलोभर बघितल्यावर.
आई फोनवर हसली:
लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही,
वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही,
तुझं तसंच चाललंय.

आणि हे कुठे, तर या गावात,
जिथे नदीकाठच्या टेकड्या टेकड्याच नाहीत,
जुन्या कारखान्यांची घाण आहे, वर गवत उगवलेली.
शंभर वर्षं इथे कुणी न विचारता धूर सोडला.
मी विचारून सोडणार होते,
तोही गाळून.

मॉरीन टिकल भेटली ती कचराकेंद्रावरच.
(आडनाव मी मनात "टिकेल" असं वाचते.)
कॉलेजच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं काढलेली.
माझ्या गाडीतले डबे पाहून म्हणाली,
भिंती रंगवतेस की पितेस?
मग ऐकून घेतलं सगळं, पावसात, छत्री न उघडता.
म्हणाली, आमच्याकडे सहा धुराची कपाटं आहेत.
चार वाजता पोरं जातात.
त्यानंतर ती नुसती श्वास घेत उभी असतात.

नुसती. सहा.
माझ्या खोलीपासून अकरा मिनिटांवर.

मग सात महिने गेले.
विम्याला "नवउद्योग" हा रकाना नव्हता,
आम्ही "इतर" भरलं.
सांडलं तर कुणाचं, उरलं तर कुणाचं,
विजेचं बिल कोणत्या खात्यात,
आणि खोलीत एकटीने राहायचं नाही, हे ठळक अक्षरांत.
मॉरीन म्हणाली, मी बसेन.
मंगळवार, गुरुवार, पाच ते नऊ.

आता ती बसते, शब्दकोडं घेऊन.
तिसऱ्या कपाटात इफेअनी त्याचे बॅटरीचे क्षार वाळवतो,
पाचव्यात रनकॉर्नच्या दोघी बहिणी
चामड्याशिवाय चामड्याचा वास शोधतात.
फळ्यावर आमच्या नावांचं वेळापत्रक आहे,
खाली कुणीतरी लिहिलंय: चिमटा परत ठेवा.
बुधवारी आणखी कुणी मागतंय. बुधवारी बसायला माणूस नाही.

मराठीत जागा म्हणजे खोली,
आणि जागा म्हणजे न झोपलेलाही.
हे मी मॉरीनला सांगितलं.
तिने कोड्यातून मान वर न करता विचारलं,
किती अक्षरी?

काल पहिला मोठा घाण उतरला.
सहाशे दहा ग्रॅम, गाळणकागदावर.
राखाडी.
मी काच खाली ओढून बघत राहिले.
लोखंड राहिलं असणार, किंवा काजळी, किंवा माझी घाई.
मॉरीन चष्मा कपाळावर सारून आली,
बराच वेळ पाहिलं.
लहानपणी दोरीवरचे कपडे याच रंगाचे निघायचे, म्हणाली,
आम्ही त्याला पांढराच म्हणायचो.

नऊ वाजायला चार मिनिटं होती.
मी आम्ल पुन्हा मोजायला घेतलं.
तिने घड्याळाकडे पाठ केली.