कोरडा पाईप

लीव्हिओ फुर्लान कागदाची सुरळी घेऊन दुकानात आला
तेव्हा मी बोरा वाऱ्यानं फोडलेली
त्या आठवड्यातली सहावी खिडकी कापत होतो.
त्रिएस्तेत आम्हा काचवाल्यांना वाराच पोसतो,
हे गिऱ्हाइकासमोर बोलायचं नसतं.

"चारशे लिटर," तो म्हणाला, "खारं पाणी, चौथ्या मजल्यावर."
कॉफीच्या गोदामात एकतीस वर्षं पोती मोजलेला माणूस.
खिडकीतून समुद्र दिसतो, तरी त्याला तो घरात हवा होता.
का, ते मी विचारलं नाही.

चित्रात एकच पाईप.
मी म्हटलं, काठावरून सायफन लटकवा, काचेला भोकच नको.
तो म्हणाला, वीज गेली की त्यात हवा शिरते,
वीज येते, पंप उठतो,
सायफन झोपलेलाच.
बरोबर होतं. गृहपाठ करून आला होता.

मग एकटा पाईप रात्री कसा आवाज करतो
ते मी तोंडानं करून दाखवलं:
आंघोळीच्या टबचा शेवटचा घोट, उजाडेपर्यंत.
तो हसला नाही. झोप त्याची आधीच पातळ.

दोन ठरले.
पहिला तुडुंब, व्हॉल्व्हनं गळा आवळलेला,
आत हवेचा एक बुडबुडा नाही, म्हणून मुका.
दुसरा उघडा, करंगळीएवढी धार,
पहिल्याच्या हिशेबातून सुटलेलं पाणी उचलणारा.
तिसऱ्याचं मीच काढलं.
जरा वर, कोरडा,
सगळं नीट चाललं तर जन्मभर कोरडा.

"काहीच न करण्याचे पंचेचाळीस युरो?"
तो सुरळी गुंडाळू लागला.
"रिकामं पोतं आम्ही कधी मोजलं नाही."

शनिवारी सिन्योरा नेरीना आल्या, तिसऱ्या मजल्यावरच्या.
टोपी, हातमोजे, लिपस्टिक ठाम.
पर्समधून फोटो काढला: छत,
त्यावर तपकिरी डाग, नकाशातल्या द्वीपकल्पासारखा.
"त्याच्या बायकोचं वॉशिंग मशीन. चौऱ्याऐंशी साल.
ती गेली. डाग आहे.
मी रंगवून घेतला नाही."
का, तेही मी विचारलं नाही.
काउंटरवर पंचेचाळीस युरो, सुटे, दोनदा मोजून.
"माझं नाव नको.
सांगा, दोनावर एक फुकट."

मागची काच साधीच आहे ना, पुन्हा पाहिलं.
टेम्पर्ड असती तर ड्रिल टेकताच साखर झाली असती.
पुट्टीचं आळं, आळ्यात पाणी, हिऱ्याचे दात,
आणि हात असा, की झोपलेल्या पोराचा शर्ट काढतोय.
पाणी दुधाळ होत जातं.
शेवटच्या मिलिमीटरला मी श्वास घेत नाही.
तीन चकत्या निघाल्या. एक गल्ल्यात टाकली.

फेब्रुवारीत बोरा तीन दिवस उतरला,
कचऱ्याचे डबे चढावावरून बंदराकडे धावत गेले.
वीज दोनदा गेली, दोनदा वरचं पाणी
गुपचूप खालच्या टाकीत जाऊन बसलं,
तेवढी जागा आम्ही ठेवलीच होती.
वीज आली. पंप उठला.
पहिल्या पाईपच्या तोंडात मात्र एक गोगलगाय,
अंधारात तिथंच बिऱ्हाड केलेली.
दुसऱ्यानं झेपेल तेवढं घेतलं,
शेवाळानं त्याचाही घसा अर्धाच.
पाणी कंगव्याचे दात बुडवून वर आलं,
काठाला दोन बोटं उरली.

लीव्हिओ झोपला होता,
कित्येक महिन्यांनी गाढ,
मुक्या पाण्याशेजारी.

मग तिसरा बोलला.
खाकरत, घोगरा, लाजलज्जा नसलेला.
खालच्या मजल्यावर त्या उठल्या,
नाईटगाऊनवर कोट चढवला
आणि झाडूच्या दांड्यानं छत ठोकलं,
बरोबर डागाच्या मध्यावर.

हे मला दोघांनी सांगितलं, वेगवेगळं येऊन.
त्याला पाईपच्या तोंडावर बसेल अशी जाळी हवी होती,
गोगलगाय डबीत घालून आणलेली, मापासाठी.
त्यांनी फक्त एवढंच विचारलं:
"माझाच होता ना तो आवाज?"

मी गल्ल्यातून चकती काढली,
कडा घासून बोथट केली
आणि त्यांच्या हातमोज्यावर ठेवली.