शेपटीचा केस

चामखिळीला घोडीचा केस बांधायला
दहिवडीची अर्धी पेठ आमच्या दारात यायची.
अण्णा शेपटीतला एक काळा दोरा उपटून द्यायचे,
वर सांगायचे, गाठ घट्ट मार, गळेल.

औंदा बिजलीच्याच काखेत आली.
करवंदाएवढी, मग लिंबाएवढी.
झुलीखाली झाकून दोन वराती केल्या.
तिचाच केस तिलाच बांधला.
गळली.
दिवाळीला दुप्पट होऊन उगवली.

शिरवळच्या डॉक्टरीणबाईंनी तुकडा नेला.
फोनवर म्हणाल्या, विषाणू आहे, गाईचा.
गाईच्या अंगावर तो नांदतो, पसरतो,
एक दिवस निघूनही जातो.
घोडीच्या कातडीत शिरतो खरा,
पण तिथं त्याचा वंश वाढत नाही,
वाढते ती नुसती गाठ.

फोन ठेवून गोठ्यात गेलो.
एकच दावण. चंद्री रवंथ करत,
मानेवर वाळल्या चामखिळी,
आणि एक माशी
इकडून तिकडं.

काल शिकलगाराची नूरी
अंगठा पुढं करून उभी.
मी शेपटीला हात घातला.
बिजलीनं मान वळवली.
म्हटलं, पोरी, आज नको.
माशा फार झाल्यात,
केस तिलाच लागतील.