सतरा हप्ते

पलंग दोघांसाठी घेतला होता.
तालकावानोच्या मोठ्या दुकानात मधोमध मांडलेला,
पाटीवर ठळक आकडा: महिना फक्त साडेपंचवीस हजार पेसो.
चोवीस महिने, आणि रोखीची किंमत खाली, मुंगीच्या अक्षरात.
एर्नान बुटांसकट आडवा झाला त्यावर,
म्हणाला, "नेल्दा, ये ना, बघ तरी."
मी बघितलं. सही माझीच लागली,
पगार माझा पक्का होता म्हणून.

सातव्या हप्त्याला तो गेला.
पलंग राहिला.

अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात.
म्हणणाऱ्याचं अंथरूण स्वतःचं असणार.
माझं हप्त्यावर होतं,
त्यातलं अर्धं गार.

त्या रात्री चौकटीच्या वहीत
पहिल्यांदा बेरीज मांडली.
सतरा हप्ते. चार लाख तेहेतीस हजार पाचशे.
सात फेडूनही
रोखीच्या किमतीहून जास्त देणं उरलेलं.
पुन्हा मोजलं. पेन्सिलीला टोक काढून मोजलं.
आकड्याला दयामाया नसते,
पण थापा तरी मारत नाही.

विजेच्या बिलांची पाकिटं उलटी करून चिकटवली.
गॅस. पाव. बस. रॉकेल. पलंग.
पगाराच्या दिवशी आधी पलंगाचं पोट भरायचं,
मग माझं.
बाजार उठता उठता जायचं,
तेव्हा टोमॅटोवाला हाक मारून देतो.
लास हिगेरासहून घरी चालत,
मासळीच्या भुकटीचा वास नाकात,
आणि वाचलेलं भाडं मुठीत घट्ट,
कुणी हिसकावून नेईल असं.

जुलैत पाऊस आठ दिवस हटला नाही.
रॉकेलच्या पाकिटाने पावाकडून उसने घेतले,
पावाने बसकडून.
बस बिचारी कुणाकडे मागणार?
मी ओले बूट शाळेच्या चुलीपाशी वाळत घातले
आणि दोनशे मुलांच्या मसूर ढवळत बसले.

सगळ्यात महाग पडलं ते "नको" म्हणणं.
ग्रिसेल्दा डबा फिरवायची,
कुणाचा वाढदिवस, कुणाचं बाळ, दोन-दोन हजार.
पहिल्यांदा म्हटलं, पाकीट घरी राहिलं.
दुसऱ्यांदा म्हटलं, पोट बरं नाही, केक नको.
तिसऱ्यांदा डबा माझ्यापाशी थांबलाच नाही.
हा खर्च कुठल्या रकान्यात लिहायचा
ते वहीला कळेना.

तेराव्या हप्त्याच्या वेळी
माळ्यावर एर्नानची मासेमारीची काठी सापडली, चक्रासकट.
अठरा हजाराला गेली.
सगळे पलंगाच्या पाकिटात टाकले.
त्याच्या बाजूचं थोडं भाडं त्यानेही भरलं म्हणायचं,
दूर कुठेतरी बसून, नकळत.

शेवटच्या दिवशी काउंटरवरचा पोरगा हसून म्हणाला,
"अभिनंदन, सेन्योरा! तुमची मर्यादा दुप्पट झालीय.
गादी नाही का बदलायची? बारा हप्ते,
वर उशा फुकट."
मी पावती मागितली.
शिक्का अर्धाच उठला होता.
पुन्हा मारायला लावला.
रांगेतला म्हातारा खोकला, खोकू दे.

घरी येऊन पलंगाच्या मधोमध बसले.
झोपले मात्र माझ्याच कडेला, भिंतीकडे तोंड करून.
शरीराला पावती वाचता येत नाही.

पुढच्या पगाराला हाताने आपोआप
साडेपंचवीस हजार मोजून त्याच पाकिटात घातले.
चूक लक्षात आली. काढले नाहीत.
"पलंग" खोडला,
काय लिहावं सुचेना, तसंच कोरं ठेवलं.

सकाळी त्यातले फक्त दोन हजार घेऊन गेले
आणि ग्रिसेल्दाच्या पुढ्यात ठेवले, पिठाच्या परातीशेजारी.
"कुणाचा वाढदिवस आहे गं?" तिने विचारलं.
"असेल कुणाचातरी," मी म्हटलं.
तिने माझ्याकडे नीट पाहिलं,
हात पुसले,
आणि डबा शोधू लागली.