पॉइंटमधलं अंतर

हेराल्ड आली तेव्हा डिकीत स्टेपनी नव्हती,
एक पुस्तक होतं.
इंग्रजी, तेलकट,
क्लचचं प्रकरण उंदरांनी वाचून संपवलेलं.
रात्री अंथरुणावर घेऊन बसते.
जिथे काळा अंगठा उमटलाय
तिथे अष्टपुत्रे अडले असणार.
तिथे मीही अडते.

सियागंजात हकीमुद्दीनभाई
गॅस्केट कानाशी वाकवून बघतात,
पैसे घेण्याआधी विचारतात, काल काय शिकलीस?
छावणीतला बब्बन म्हणतो,
"किताब घर पे छोड़ के आया करो, दीदी.
पहले सुनो."
मी ऐकते. मला नुसता खोकला ऐकू येतो,
त्याला त्यात तिसरा सिलिंडर.

पान त्रेचाळीस: पॉइंटमध्ये अंतर पंधरा थाऊ.
मोजायची पाती माझ्याकडे नाहीत.
पानात पोस्टकार्डाची एक पट्टी,
कात्रीने सरळ कापलेली, टोकाला ग्रीस.
महिनाभर मी ती खूणच समजत होते.

आज फटीत सरकवली. स्क्रू जरासा पिळला.
आता अडकेना, आणि सैलही नाही.
चावी. काही नाही.
चोक ओढून पुन्हा.
गल्लीतली कुत्री उठली,
समोरच्या दुबेंनी खिडकी उघडून मला भरपूर ऐकवलं,
आवाजात ते ऐकूच आलं नाही.

हेडलाइटपुढे पट्टी धरली.
निळ्या शाईत, बाईचं अक्षर:
रागावले नाही, पण गाडी घेऊन आलात तर

पुढचं कापलेलं.
मी तशीच उभी.
पेट्रोल जळत होतं,
जळू दे म्हटलं.